काट्यावर खेप एक, मेसेज दोन : जोडीतल्या चालू सर्व्हरवरच काम कसं चालवायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं सिस्टीमचं काम बघतो. हंगाम सुरू आहे, त्यामुळे झोपेचा विषय काढू नका.

परवा सकाळी सव्वासातला शेतकी विभागातून फोन. "एका आजोबांना लाईनवर देतो, तुम्हीच बोला." आजोबांचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या ऊस, वजन १८.६४० टन. वजनाचा मेसेज मोबाइलवर आला. मिनिटभरात तोच मेसेज परत आला. आजोबा म्हणाले, "माझी खेप एकच हाय. दुसरी कुणाची माझ्या नावावर टाकलीसा? आन् माझीच असंल तर सदतीस टनाचं बिल काढा." काट्याचा विषय आपल्याकडं किती नाजूक असतो ते तुम्हाला माहीत आहे. आठ वाजेपर्यंत गटऑफिसचे सगळे फोन तेच. स्लिपबॉय पोरांनी उगाच शिव्या खाल्ल्या.

मांडणी अशी. दोन लिनक्स सर्व्हर, ए आणि बी. ए काट्याच्या खोलीशेजारी, बी मुख्य ऑफिसात. दोघांवर कीपअलाइव्हड (एक बंद पडला की पत्ता दुसऱ्याकडे नेणारा प्रोग्रॅम) आणि एक सामायिक आयपी पत्ता. पत्ता ज्याच्याकडे तो चालू, दुसरा राखीव. पोस्टग्रेस डेटाबेस तिसऱ्या मशीनवर. काट्याचे संगणक सामायिक पत्त्याशी बोलतात, तिथं काही तक्रार नाही. भानगड क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुटणाऱ्या, कामांची. दर मिनिटाला नवीन पावत्या बघून मेसेज पाठवायचे, पाळी संपली की गाळपाचा गोषवारा मेल करायचा, रात्री २ ला डेटाचा बॅकअप. ही सगळी कामं दोन्ही मशीनवर एकसारखीच ठेवलेली, कारण कधी कोण चालू असेल याचा नेम नाही.

म्हणून प्रत्येक स्क्रिप्टच्या तोंडाला एक राखणदार बसवला होता. कीपअलाइव्हड मास्टर झाला (पत्ता त्याच्याकडे आला) की त्याची नोटिफाय स्क्रिप्ट एका फाईलमध्ये 'मास्टर' लिहिते, मागे गेला की 'बॅकअप', म्हणजे राखीव. काम सुरू होताना ती फाईल वाचायची, 'मास्टर' नसेल तर गप बाहेर पडायचं. दोन हंगाम बिनबोभाट चाललं. परवा पहाटे ४:०७ पासून ७:२५ पर्यंत मात्र दोन्हीकडच्या फाईलीत 'मास्टर'. १३१ पावत्या, २६२ मेसेज.

तुम्ही लोक हे कसं करता?

विश्रामबागी

फाईलीत काय होतं ते सोडा. त्या वेळी सामायिक पत्ता दोन्हीकडे होता का? आधी ते सांगा.

दोन्हीकडे असेल तर एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. व्हीआरआरपीची (कीपअलाइव्हडवाले एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) 'मी जिवंत आहे' ही हाकाटी २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जाते, प्रोटोकॉल क्रमांक ११२. मधल्या स्विचवर कुणी हात फिरवला किंवा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये नियम घातला की ती अडते आणि राखीव गड्याला वाटतं, थोरला गेला. पत्ता एकाकडेच असेल तर तुमची फाईल खोटं बोलतीय.

कृष्णाकाठ

लॉग उकरून बसलो होतो. फाईलच खोटं बोलतीय.

३:५० ला ए ची वीज गेली. यूपीएसनं दोन मिनिटंसुद्धा दम काढला नाही (बॅटऱ्यांची मागणी जूनपासून सहीसाठी पडून आहे, तो वेगळा धागा होईल). बी नं चार सेकंदांच्या आत पत्ता उचलला, आपल्या फाईलीत 'मास्टर' लिहिलं. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. ४:०५ ला वीज आली, ए उठला, क्रॉन उठलं, कीपअलाइव्हड उठलाच नाही. दोन वर्षांपूर्वी मी सर्व्हिस स्टार्ट केली होती, इनेबल (मशीन उठलं की आपोआप सुरू होईल अशी) केली नव्हती. आणि दोन वर्षांत ए एकदाही बंद पडला नाही, म्हणून कळलंही नाही.

म्हणजे ए वर पत्ता नाही, कीपअलाइव्हड नाही, पण डिस्कवरच्या व्हार फोल्डरात वीज जाण्याआधीची फाईल जशीच्या तशी : 'मास्टर'. राखणदारानं ती वाचली आणि दार उघडलं.

तंबोरा_मिरज

कृष्णाकाठ, फार लावून घेऊ नका. मी नोकरीत असताना हेच केलं होतं, फक्त तेव्हा मेसेजऐवजी प्रिंटर होता आणि कागद वाया गेला.

तुमची फाईल म्हणजे कधीतरी आलेला निरोप. कोणीतरी कोणे एके काळी सांगितलं, 'आता तू मुख्य.' निरोप्या मेला तर नवा निरोप येत नाही, आणि जुना भिंतीवर तसाच चिकटलेला राहतो. कामाच्या क्षणी जे विचारायचं ते आत्ताचं विचारा : सामायिक पत्ता या घडीला माझ्या इंटरफेसवर आहे का? ती एक ओळीची तपासणी आहे. फाईल ठेवायचीच असेल तर व्हारमध्ये नको, रनमध्ये ठेवा. तो फोल्डर मेमरीत असतो, मशीन बंद झालं की पाटी कोरी. आणि फाईल सापडली नाही तर 'मी राखीव' असंच धरा. शंका आली की गप्प बसणारं मशीन परवडतं.

पत्त्याची तपासणीसुद्धा देवाची शपथ नव्हे. कीपअलाइव्हडला कुणी जबरदस्तीनं मारलं तर पत्ता इंटरफेसवर तसाच राहू शकतो. तो काढायचं काम ज्याचं, तोच मेलेला. म्हणून पत्ता आहे का आणि सर्व्हिस जिवंत आहे का, दोन्ही विचारा.

आणखी एक. बरेच जण स्क्रिप्टमध्ये थेट मशीनचं नाव लिहितात, 'नाव ए असेल तरच चाल'. दुबार कधीच होत नाही, म्हणून खूश असतात. ए ज्या दिवशी झोपतो त्या दिवशी काम कुणीच करत नाही. दुबार मेसेजची बोंब दहा मिनिटांत होते. न गेलेल्या मेसेजची होत नाही, तो महिन्यानं हिशेबात सापडतो.

गावभागातला

कशाला एवढा घोळ? बी वर क्रॉन बंदच ठेवा. ए गेला तर माणूस उठून बी वर चालू करेल. दहा वर्षं आम्ही असंच करतोय. जितकी हुशारी जास्त तितकी मोडतोड जास्त.

कृष्णाकाठ

गावभागातले दादा, पहाटे ३:५० ला तो माणूस मीच. मी घरी, घर कारखान्यापासून २२ किलोमीटर.

पेठेतला_डीबीए

गावभागातल्यांना एकदम झिडकारू नका. मी सहकारी बँकेत आहे. आमचं दिवसअखेरचं काम, व्याज लावणं वगैरे, आम्ही मुद्दाम आपोआप दुसऱ्या मशीनवर जाऊ देत नाही. अर्ध्यावर मेलेलं काम दुसऱ्यानं पहिल्यापासून सुरू केलं तर काय होईल, याचा विचार माणसानंच करायचा असतो. मेसेज पाठवणं आणि व्याज लावणं यांना एकच नियम लावू नका.

बाकी डेटाबेसवाल्यांनी हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवलेला आहे, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एसक्यूएल सर्व्हरच्या ऑलवेज ऑनमध्ये (डेटाबेस एकाहून जास्त मशीनवर ठेवायची सोय) डेटा पलीकडे जातो, एजंटचे जॉब, म्हणजे ठरल्या वेळची कामं, जात नाहीत. ते दोन्हीकडे हातानं बनवावे लागतात आणि वेळ झाली की दोन्हीकडे सुटतात. म्हणून जॉबची पहिली पायरी एकच प्रश्न : मी प्रायमरी (मुख्य) आहे का? त्यासाठी २०१४ च्या आवृत्तीपासून तयार फंक्शन आहे. उत्तर नाही असेल तर जॉब तिथंच संपवायचा, आणि 'यशस्वी' म्हणून संपवायचा. 'अयशस्वी' म्हणून संपवलात तर राखीव मशीन दर मिनिटाला धोक्याची मेल टाकतं आणि आठवड्यात सगळे त्या मेलकडे बघायचं सोडतात.

मायएसक्यूएलचे इव्हेंट (तिथली ठरल्या वेळची कामं) पलीकडे पोचतात, पण तिकडे बंद अवस्थेत. मशीनला बढती मिळाली तरी आपण हातानं चालू करेपर्यंत बंदच. पोस्टग्रेसचं पीजी क्रॉन सगळ्यात शहाणं : राखीव मशीनवर गप्प बसतं, बढती मिळाली की आपोआप चालू होतं. तुमचा डेटाबेस तिसऱ्या मशीनवर एकटाच आहे म्हणता. मग मेसेजची रांग तिथंच का नाही ठेवत? कोण चालू, कोण राखीव, हा वाद मेसेजपुरता मिटतो.

बेदाणा_हिरवा

तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क मी बघते. आमच्याकडे सर्व्हर नाहीत, दोन मायक्रोटिक राउटर आहेत व्हीआरआरपीत. खोल्यांचं तापमान वाढलं की राउटरवरूनच मेल जाते. कॉन्फिग एकाचं दुसऱ्यावर आपोआप जात नाही, मीच दोन्हीकडे घालते.

मायक्रोटिकमध्ये व्हीआरआरपीला मास्टर झाल्यावर आणि बॅकअप झाल्यावर चालवायच्या दोन स्क्रिप्ट देता येतात. मी त्यात लिहिलं होतं : मास्टर झालास की शेड्युलर (राउटरवरचं क्रॉन) चालू कर, बॅकअप झालास की बंद कर. छान वाटलं. मग एका वळवाच्या पावसात वीज अशी काही आली-गेली की पहिला राउटर वर-खाली, वर-खाली. शेड्युलर चालू, बंद, चालू... आणि शेवटी दोन्हीकडे बंद! नेमकी कुठली स्क्रिप्ट कुठल्या क्रमानं संपली देव जाणे. सकाळी मालकांनी विचारलं, "ताई, रात्री एक पण मेल नाही, तापमान एवढं चांगलं होतं का?" नव्हतं.

आता शेड्युलर दोन्हीकडे कायम चालू असतो. स्क्रिप्टच स्वतःला विचारते, व्हीआरआरपी इंटरफेस या क्षणी मास्टर आहे का. नसेल तर बाहेर. तंबोरा काका म्हणतात तेच.

आणि थोरल्याला उठल्या उठल्या गादी परत देऊ नका. व्हीआरआरपीत मूळ सेटिंग तेच असतं, जास्त प्रायॉरिटीवाला आला की लगेच हिसकावून घेतो. धाकटा सुद्धा लगेच उडी मारतो. घोषणा दर सेकंदाला, तीन चुकल्या की वर थोडा अंश, प्रायॉरिटी १०० असेल तर साधारण ३.६ सेकंदांत तो राजा. एवढ्यात वीज स्थिर होते होय? मी हिसकावणं बंद केलं.

विश्रामबागी

+१. कीपअलाइव्हडमध्ये ते नो-प्रीएम्प्ट. फक्त दोन्हीकडे सुरुवातीची अवस्था 'बॅकअप' लिहावी लागते, एकीकडे 'मास्टर' लिहिलंत तर ते लागू होत नाही. हे बऱ्याच जणांचं चुकतं.

सांगलीकर_सध्या_पुण्यात

मी फायरवॉल आणि लोड बॅलन्सरच्या जोड्यांवर काम करतो. तिथं हा प्रश्न वेगळ्या दारानं येतो. सर्व्हरवर तुम्ही क्रॉन दोन्हीकडे मुद्दाम ठेवता. उपकरणांच्या जोडीत कॉन्फिग आपोआप एकसारखं होतं, त्यामुळे आपोआप चालणारी कामंही दोन्हीकडे पोचतात, तुम्हाला हवी असोत वा नसोत. एफ फाइव्ह लोड बॅलन्सरच्या जोडीत आयकॉलचं (त्यातली आपोआप स्क्रिप्ट चालवायची सोय) ठरावीक वेळानं चालणारं काम सिंक होऊन दोन्हीकडे जातं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत फेलओव्हरची अवस्था (मी चालू की राखीव) विचारायची, 'ॲक्टिव्ह' नसेल तर परत फिरायचं.

पुष्कळ जण दोन गोष्टींची गल्लत करतात. 'चालू झाल्यावर एकदा करायचं काम' वेगळं, 'चालू असताना दर तासाला करायचं काम' वेगळं. पहिल्यासाठी बदलाचा हुक (अवस्था बदलली की सुटणारी स्क्रिप्ट) बरोबर : एफ फाइव्हमध्ये ॲक्टिव्ह झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट असते, सिस्कोत एचएसआरपीची (त्यांचा व्हीआरआरपीसारखा प्रोटोकॉल) अवस्था बदलल्याचा लॉग पकडून ईईएम (त्यांची आपोआप स्क्रिप्ट चालवायची सोय) चालवता येतं, तुमच्या कीपअलाइव्हडचं नोटिफाय तेच. दुसऱ्यासाठी हुक वापरला की बेदाणाताईंच्या शेड्युलरसारखं होतं.

अजून एक फुकटची युक्ती : प्रत्येक मेलच्या विषयात पाठवणाऱ्या मशीनचं नाव घाला. फोर्टिगेट फायरवॉलच्या जोडीत जवळपास सगळं कॉन्फिग सारखं होतं, पण होस्टनेम ज्याचं त्याच्याकडे राहतं. ते दोन वेगळे ठेवले असतील तर दुबार मेल आली की बघताक्षणी कळतं, दोघांनी पाठवली की एकानंच दोनदा. आमच्याकडे हे शोधायला एकदा चार दिवस गेले. निघालं काय, तर एकानंच दोनदा.

हळदीचा_भाव

इथं सगळे 'राखीव मशीनवर चालू नको' म्हणतायत, म्हणून उलट्या बाजूची गोष्ट सांगतो.

मार्केट यार्डातल्या एका पेढीचं काम होतं. मीपण जोशात येऊन सगळ्या क्रॉनला राखणदार लावला. सगळ्या म्हणजे सगळ्या. जुने लॉग कापायचं काम, डिस्क किती भरली ते बघायचं काम, स्वतःच्या कॉन्फिगची प्रत काढायचं काम, प्रमाणपत्राची मुदत तपासायचं काम. राखीव मशीन आठ महिने राखीव होतं, आठ महिने लॉग वाढत होते आणि डिस्क भरत आल्याचं सांगणारी स्क्रिप्ट रोज इमानानं म्हणत होती, 'मी राखीव आहे, मला काय त्याचं.' हळदीचे सौदे ऐन भरात असताना पहिलं मशीन गेलं. दुसऱ्यानं पत्ता घेतला आणि पहिलीच नोंद लिहिताना : डिस्क भरली.

कारकून मला म्हणाला, "दुसरं ठेवलंय म्हणत होता की." काय बोलणार.

तेव्हापासून मी क्रॉनच्या दोन फाईली करतो. एक 'घरची', ती प्रत्येक मशीननं आपापली करायचीच. एक 'गावची', ती एकानंच. राखणदार फक्त गावच्या फाईलला.

तंबोरा_मिरज

घरची आणि गावची. हे उचललं मी.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं. तेव्हापासून इथल्या प्रत्येक कंपनीत बदली नट असतोच. पण बदली नटाला रोज तोंडाला रंग लावावा लागतो, संवाद घोकावे लागतात. फक्त रंगमंचावर पाऊल ठेवायचं नसतं. हळदीच्या मशीननं रंगच लावला नव्हता.

गावभागातला

काकांनी नाटक आणलंच :)

कुपवाड_एमआयडीसी

आमची गोष्ट वेगळी आहे आणि तिला वरचा एकही उपाय पुरत नाही, म्हणून लिहितो.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं ऑफिस मारुती चौकाजवळ, तळमजला. सर्व्हर आम्ही दोरीनं वर चढवले. त्यानंतर मालकांनी ठरवलं, दुसरं मशीन सांगलीत नकोच. ते कुपवाडच्या शेडमध्ये आणलं, मधे फायबर टाकली. दोन्हीकडे आपापला डेटाबेस, एकाचा दुसऱ्यावर उतरणारा.

पुढं काय झालं ते ओळखा. जेसीबी. रस्त्याचं काम, फायबरचे दोन तुकडे. कुपवाडच्याला सांगलीचं ऐकू येईना, त्यानं राज्य घेतलं. सांगलीचा तर राजा होताच. दोघांकडे पत्ता, दोघांची सर्व्हिस जिवंत, दोघांचा डेटाबेस म्हणतोय 'मी प्रायमरी'. प्रत्येक तपासणी दोन्हीकडे पास. खोटं कुणीच बोलत नव्हतं. साडेपाच तास गिऱ्हाइकांना दोन्हीकडून चलनं गेली, त्यातली काही एकाच नंबरची.

इथून पुढं स्क्रिप्टमध्ये कितीही 'जर-तर' घातले तरी भागत नाही. दोघांत मतदान होत नसतं, तिसरा लागतो. आम्ही शेवटी भाड्याचं एक छोटं क्लाउड मशीन तिसरा साक्षीदार म्हणून घेतलं. त्याच्यावर एक ओळ : आत्ता हक्क कुणाचा, आणि कधीपर्यंत. चालू मशीन दर २० सेकंदांनी मुदत वाढवून घेतं, मुदत ६० सेकंदांची. वाढवता आली नाही तर स्वतःहून थांबायचं, मग आपण कितीही धडधाकट असो. दुसऱ्यानं मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि मुदत मोजायची ती साक्षीदाराच्या घड्याळानं, आपापल्या नव्हे.

मोठ्या क्लस्टरवाले (अनेक मशीन एकत्र बांधून चालवणारे) याहून कडक असतात. शंका आली की पलीकडच्याची वीजच तोडायची, नंतर बोलायचं. त्या प्रकाराचं इंग्रजी नाव इतकं हिंस्र आहे की मालकांपुढे मी सांगितलं नाही.

विश्रामबागी

पेसमेकर (क्लस्टर सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी एक : तो ज्या गोष्टी या मशीनवरून त्या मशीनवर हलवतो त्यांना रिसोर्स म्हणतात. त्यात सिमलिंक नावाचा रिसोर्स एजंट आहे, आणि तो मुळात याच कामासाठी केलेला आहे. क्रॉनची फाईल बाजूला ठेवायची. रिसोर्स ज्या मशीनवर असेल तिथंच क्रॉनच्या फोल्डरात तिची लिंक तयार होते, रिसोर्स हलला की लिंक पुसली जाते. राखणदार लिहायलाच नको. फक्त फाईलीच्या नावात टिंब ठेवू नका, डेबियनचं क्रॉन तसली फाईल वाचतच नाही. माझी एक दुपार त्यात गेली आहे.

पेठेतला_डीबीए

कृष्णाकाठ, तुमच्याकडे साक्षीदार आयताच आहे की. तिसऱ्या मशीनवरचा डेटाबेस. मला एक सांगा, 'ही पावती पाठवली' याची नोंद तुम्ही कुठं ठेवता?

कृष्णाकाठ

सांगायला लाज वाटते. प्रत्येक सर्व्हरवर एका साध्या फाईलीत शेवटच्या पावतीचा नंबर. ए ची फाईल ए कडे, बी ची बी कडे.

पेठेतला_डीबीए

मग राखणदार कितीही धिप्पाड ठेवा, दुबार होणारच. गादी बदलल्यावर नव्या राजाला जुन्यानं कुठपर्यंत पाठवलं ते माहीतच नाही. याआधी गादी बदलली असेल तेव्हाही दोन-चार दुबार गेले असणार, कुणी फोन केला नाही इतकंच.

डेटाबेसमध्ये पाठवणीचं टेबल करा. पावती क्रमांक आणि मेसेजचा प्रकार, या जोडीवर युनिक बंधन. दुसऱ्यानं तीच नोंद घालायचा प्रयत्न केला तर डेटाबेस हाकलून देतो. उचलताना 'फॉर अपडेट, स्किप लॉक्ड' वापरा, पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे. एकानं धरलेली ओळ दुसऱ्याला दिसतच नाही. मग दोन्ही सर्व्हर एकाच वेळी पाठवत सुटले तरी प्रत्येक पावती एकदाच. राखणदार तरीही ठेवा, पण त्याच्यावर झोपू नका.

तंबोरा_मिरज

आणि बदल केल्यावर चाचणी नेटवर्कची केबल काढून करू नका. ती सगळे करतात. वीज काढा. तुमचा घोटाळा केबल काढून कधीच सापडला नसता.

कृष्णाकाठ

चार दिवसांनी परत आलो. काय केलं ते सांगतो.

क्रॉन काढून सिस्टमडीचे (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) टायमर लावले. कारण एकच, त्यात एक्झेक-कंडिशन म्हणून सोय आहे (२०१९ च्या २४३ आवृत्तीपासून). मुख्य कामाच्या आधी तपासणी चालते, ती 'नाही' म्हणाली तर काम वगळलं जातं आणि अयशस्वी म्हणून लाल दिसत नाही. डीबीए साहेबांनी मेलच्या ढिगाचं जे सांगितलं त्याला हा उतारा. तपासणीत दोनच प्रश्न : पत्ता माझ्याकडे आहे का, कीपअलाइव्हड जिवंत आहे का. जुनी फाईल पुसून टाकली. हळदीच्या भावांनुसार टायमर दोन गटांत, घरचे आणि गावचे. रात्रीचा बॅकअप विचार करून घरच्यात टाकला, दोघांनी काढला तर बिघडतंय काय? डिस्क स्वस्त आहे. नो-प्रीएम्प्ट केलं. पाठवणीचं टेबल केलं, युनिक बंधन घातलं.

शिवाय पाठवणीच्या टेबलात दहा मिनिटं एकही नवी ओळ आली नाही आणि काट्यावर वजनं चालू असतील, तर मला फोनवर घंटा. दोघेही गप्प बसले तर कळायला हवं म्हणून.

मग काल दुपारी १२ ची पाळी बदलताना, गव्हाणीत ऊस भरपूर आहे बघून, काटेवाल्या पाटलांना सांगितलं आणि ए ची वायर सॉकेटमधून उपटली. पाटील घड्याळ बघत होते. त्यांच्या स्क्रीनवर एक बैलगाडी अर्धवट होती, ती चार-पाच सेकंद अडकली आणि पुढं गेली. तीन मिनिटांनी वायर परत लावली. ए उठला, कीपअलाइव्हड उठला (या वेळी इनेबल होता), गपगुमान राखीव झाला. पुढच्या तासाभरात दुबार एक.

हो, एक. तो ए-बी चा नव्हताच. बी नं मेसेज कंपनीच्या गेटवेला मागणी दिली, पोच यायला वेळ लागला, १० सेकंदांनी आमच्या प्रोग्रॅमनं 'गेला नाही' असं धरून परत पाठवला. तिकडे पहिला गेला होता. सांगलीकरांचं 'एकानंच दोनदा' ते हेच.

पेठेतला_डीबीए

याला औषध नाही. पोच आली नाही म्हणजे गेला नाही असं नव्हे, आणि तुमच्या बाजूनं दोन्हींत फरक ओळखता येत नाही. परत पाठवाल तर कधीतरी दुबार, नाही पाठवाल तर कधीतरी गहाळ. कुठलं दुखणं परवडतं ते धंद्यानं ठरवायचं, सिस्टीमवाल्यानं नाही.

कृष्णाकाठ

शेतकी अधिकाऱ्यांना तसंच विचारलं. ते म्हणाले, मेसेज गेला नाही तर शेतकरी काट्यावर येऊन बसतो, दोनदा गेला तर फोन करतो. फोन परवडला. पण दोन मेसेज एकाच खेपेचे आहेत हे त्याला स्वतःला कळलं पाहिजे. आमच्या मेसेजमध्ये नाव, तारीख, वजन सगळं होतं, पावती नंबरच नव्हता! आता नंबर सगळ्यात आधी येईल. त्यासाठी डीएलटीवर (कंपन्यांच्या मेसेजची नोंदणी जिथं होते तिथं) नवा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, तो अर्ज टाकलाय. आजोबांना मीच फोन करून सांगितलं. म्हणाले, "नंबर टाका, पर जरा मोठा टाका, दिसत न्हाई."

बेदाणा_हिरवा

दादा, सगळं मस्त झालं. एक विचारू? वीज तुम्ही ए ची काढलीत. बी वर कीपअलाइव्हड इनेबल आहे का?

कृष्णाकाठ

थांबा, बघतो.

कृष्णाकाठ

नव्हता.